खाणीची किंमत : झांबियातल्या तांब्याची गोष्ट

शाळेच्या भूगोलात आफ्रिकेचा धडा आला की झांबियाच्या वाट्याला बहुधा एखादेच वाक्य येते : ‘या देशात तांब्याच्या खाणी आहेत.’ रिकाम्या जागा भरण्यापुरते ते पुरते. पण त्या एका वाक्यामागे असा इतिहास आहे की, तो नीट उलगडला तर ‘सरकारी उद्योग विकावेत की विकू नयेत’ हा आपल्याकडेही सतत वादात असणारा प्रश्न वेगळ्याच बाजूने दिसू लागतो.

या खाणी आधी परक्या कंपन्यांच्या होत्या. मग त्या सरकारच्या झाल्या. मग पुन्हा कंपन्यांना विकल्या गेल्या. त्यांतला एक मोठा खाणसमूह सरकारने २०२१ मध्ये परत घेतला आणि २०२४ मध्ये त्याचा मोठा हिस्सा पुन्हा विकला. जमिनीखालचे तांबे तेच होते, पण प्रत्येक सौद्यात खाणीची किंमत मात्र वेगळीच ठरली. ती कशी ठरली, हे या लेखात पाहू.

जमिनीवरचे राज्य, जमिनीखालची मालकी

झांबियाच्या उत्तरेस, काँगोच्या सीमेलगत तांब्याच्या खनिजाचा एक लांबलचक पट्टा आहे. त्याला ‘कॉपरबेल्ट’ म्हणजे ताम्रपट्टा असेच नाव पडले आहे. किटवे, चिंगोला, मुफुलिरा, लुआन्श्या ही त्यावरची शहरे खाणींमुळेच वसली. ब्रिटिश अमलात या देशाचे नाव उत्तर ऱ्होडेशिया होते. तिथे एक गमतीची, खरे तर गमतीची नसलेली व्यवस्था होती. राज्य ब्रिटिश सरकारचे, खाणी चालवणार अँग्लो अमेरिकन आणि रोन सिलेक्शन ट्रस्ट या दोन मोठ्या कंपन्या, आणि जमिनीखालच्या खनिजाचा हक्क मात्र ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनी या तिसऱ्याच कंपनीकडे! निघणाऱ्या तांब्यावर ही कंपनी रॉयल्टी म्हणजे स्वामित्वधन वसूल करी. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला, त्याच्या अगदी आदल्या घटकेला ४० लाख पौंडांच्या मोबदल्यात तिने हा हक्क सोडला.

नव्या देशाजवळ काय होते? सुमारे शंभर आफ्रिकी पदवीधर, थोडे रस्ते आणि भरपूर तांबे. निर्यातीच्या उत्पन्नातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या तांब्याचा होता. शाळा बांधायच्या, दवाखाने काढायचे, विद्यापीठ उभारायचे, तर पैसा तिथूनच येणार होता. म्हणून ऑगस्ट १९६९ मध्ये अध्यक्ष केनेथ काउंडा यांनी खाण कंपन्यांचे ५१ टक्के भाग सरकार घेणार असे जाहीर केले. १९७० च्या आरंभापासून ते अमलात आले. मोबदला रोखीने नव्हे, तर मुदतीचे रोखे देऊन भागवायचा होता. पुढे १९८२ मध्ये दोन्ही खाणसमूह एकत्र करून ‘झांबिया कन्सॉलिडेटेड कॉपर माइन्स’ ही एकच मोठी सरकारी कंपनी झाली. तिला सगळे ‘झेडसीसीएम’ म्हणत.

ही नुसती खाण कंपनी नव्हती. खाणीच्या वसाहतीत घरे तिची, नळाचे पाणी तिचे, दवाखाना तिचा, शाळा तिची, कचरा उचलणारी गाडी तिची, फुटबॉलचे मैदानही तिचेच. आपल्याकडे भिलाई किंवा राउरकेला येथील पोलाद वसाहती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

भाव दहा टक्के, नफा शंभर टक्के

सरकारने खाणी घेतल्या तेव्हा तांब्याला भाव चांगला होता. पण तांब्याचा भाव ना काउंडा ठरवत, ना खाण कंपनी. तो लंडनच्या धातुबाजारात ठरे, आणि आजही तिथल्याच भावाकडे जग पाहते. एप्रिल १९७४ मध्ये तो शिगेला पोचला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निम्म्याहूनही खाली आला.

भाव निम्म्यावर आला म्हणजे उत्पन्न निम्मे झाले, एवढेच विद्यार्थी म्हणतील. इथे थांबून फळ्यावर एक हिशेब मांडावा. समजा, एक टन तांबे काढायला १८०० डॉलर खर्च येतो आणि भाव २००० डॉलर आहे. नफा २०० डॉलर. आता भाव दहा टक्क्यांनी वाढून २२०० झाला. नफा ४०० झाला, म्हणजे दुप्पट! आणि भाव दहा टक्क्यांनी उतरून १८०० झाला, तर नफा शून्य. आणखी थोडा उतरला की दर टनामागे तोटा. भावातला लहानसा हेलकावा नफ्यात मोठा होऊन उतरतो. ज्या देशाचे अंदाजपत्रक या नफ्यावर बेतलेले आहे, त्याचे काय होईल याची कल्पना आता करता येईल.

त्यातच इतर संकटे आली. १९७३ मध्ये तेल महागले. त्याच वर्षी शेजारच्या ऱ्होडेशियाशी असलेली सरहद्द बंद झाली आणि तांबे समुद्रापर्यंत नेण्याचा जुना मार्ग तुटला. टांझानियातून जाणारी १८६० किलोमीटरची टाझारा रेल्वे चीनच्या कर्जातून बांधली गेली, पण ती सुरू व्हायला १९७६ उजाडले. भाव लवकरच सावरेल या आशेवर सरकारने बाहेरून कर्जे काढली. भाव काही सावरला नाही.

मग सरकारने तेच केले, जे अडचणीतला माणूस दुभत्या जनावराच्या बाबतीत करतो. पेंडीचा खर्च कमी केला आणि दूध मात्र शेवटच्या थेंबापर्यंत काढले. झेडसीसीएमच्या उत्पन्नातून सरकारचा खर्च भागत राहिला, आणि नवी यंत्रे, नव्या विहिरी, नव्या खनिजाचा शोध यांसाठी पैसा उरेना. खाण दरवर्षी खोल जाते. खोल गेली की माल वर आणायला, हवा खेळवायला, पाणी उपसायला खर्च वाढतो. १९६९ मध्ये सात लाख टनांहून अधिक तांबे काढणारा हा देश २००० साली अडीच लाख टनांच्या आसपास येऊन ठेपला. सरकारी कारभारातला ढिसाळपणा आणि वशिल्याच्या नेमणुका याला कारण होत्याच. पण केवळ त्याच होत्या असे म्हणणे हा अर्धाच हिशेब झाला.

कर्ज फिटेना, तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या अटी आल्या. डिसेंबर १९८६ मध्ये मक्याच्या पिठावरचे अनुदान काढल्याबरोबर ताम्रपट्ट्यात दंगली उसळल्या, माणसे मेली, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. अखेर ऑक्टोबर १९९१ च्या निवडणुकीत काउंडा हरले. निवडून आले फ्रेडरिक चिलुबा, म्हणजे देशातल्या कामगार संघटनांचे पुढारी. आणि सरकारी उद्योग विकण्याचे काम त्यांच्याच सरकारने हाती घेतले. १९९१ हेच आपल्याकडच्या नव्या आर्थिक धोरणाचेही वर्ष, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

पंप बंद करता येत नाही

१९९२ मध्ये खाजगीकरणाचा कायदा झाला आणि त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा नेमली गेली. सिमेंट, साखर, बिअर असे कारखाने एकामागून एक विकले गेले. गिऱ्हाईक न मिळालेले काही उद्योग मोडीत निघाले. सरकारी विमान कंपनी १९९४ अखेर बंदच झाली. दहा वर्षांच्या आत दोनशेहून अधिक उद्योगांची विक्री झाली. जागतिक बँकेने तेव्हा आफ्रिकेतला आदर्श म्हणून याकडे बोट दाखवले. राहिली होती ती सर्वांत मोठी वस्तू, म्हणजे खाणी.

इथे खाणीचे एक वैशिष्ट्य समजून घेतले पाहिजे. ताम्रपट्ट्यातली कोन्कोला ही जगातल्या सर्वांत ओल्या खाणींपैकी एक मानली जाते. तिथून दररोज सुमारे तीन लाख घनमीटर, म्हणजे ३० कोटी लिटर पाणी उपसावे लागते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर रोजचे तीस हजार टँकर! ही उपसणी तांबे निघो वा न निघो, चालूच ठेवावी लागते. पंप थांबले की भुयारे बुडतात, यंत्रे बुडतात, आणि मग ती खाण पुन्हा चालू करणे अशक्यप्राय होते.

कापसाच्या शेतकऱ्याला भाव पडला तर माल घरात ठेवून चार महिने थांबता येते, निदान त्याची ऐपत असेल तर. धान्याच्या व्यापाऱ्याला तर थांबण्यातच नफा असतो. खाणीच्या मालकाला मात्र थांबायचे तरी रोजचा खर्च करावा लागतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झेडसीसीएमचा तोटा दिवसाला दहा लाख डॉलरच्या घरात गेल्याचे सांगितले जात असे. अशा वेळी विकणाऱ्यापाशी एकच गोष्ट नसते, ती म्हणजे वेळ. आणि समोरच्या गिऱ्हाइकाला हे पक्के ठाऊक असते.

घाईचा सौदा

आता काही तारखा आणि आकडे ओळीने पाहू. तांब्याचे भाव वर्षाच्या सरासरीचे, टनामागे, ढोबळमानाने दिले आहेत.

१९९७ मध्ये भाव सुमारे २३०० डॉलर होता. कफुए समूह या नावाने एकत्र आलेल्या कंपन्यांनी न्चांगा आणि न्काना या मुख्य खाणींसाठी १५ कोटी डॉलर रोख देऊ केले, शिवाय काही कर्ज अंगावर घेण्याची आणि पुढे मोठी गुंतवणूक करण्याची तयारी दाखवली. झांबियाच्या वाटाघाटी करणाऱ्यांना ही किंमत कमी वाटली. बोलणी लांबली आणि फिसकटली.

१९९८ मध्ये आशियातल्या आर्थिक संकटामुळे तांब्याची मागणी घटली. भाव १६५० वर आला. १९९९ मध्ये तो १५७० झाला. इकडे मदत देणारे देश आणि संस्था यांनी नवी मदत आणि कर्जमाफी खाणींच्या विक्रीशी जोडलेली होती. अखेर न्चांगा व कोन्कोला या खाणी अँग्लो अमेरिकनकडे गेल्या. किंमत नऊ कोटी डॉलर, त्यांपैकी रोख फक्त तीन कोटी, बाकीचे हप्त्यांनी. न्काना आणि मुफुलिरा ‘मोपानी’ या नावाखाली ग्लेनकोर व तिच्या भागीदार कंपनीकडे गेल्या. मार्च २००० पर्यंत सौदे पुरे झाले. सरकारजवळ अल्प भाग उरले.

२००२ मध्ये भाव आणखी उतरून १५६० झाला आणि अँग्लो अमेरिकन कोन्कोला सोडून निघून गेली. २००४ मध्ये भारतीय उद्योगपतीच्या वेदांत समूहाने तिचे ५१ टक्के भाग घेतले. रोख रक्कम होती अडीच कोटी डॉलर, थोडी रक्कम नंतर द्यायची होती. हाच समूह त्याआधी २००१ मध्ये आपल्याकडच्या बाल्कोचा आणि २००२ मध्ये हिंदुस्थान झिंकचा भागीदार झाला होता. लुआन्श्याची खाण तर त्याआधीच, १९९७ मध्ये, भारतातल्याच बिनानी समूहाकडे गेली होती आणि २००० साली अवसायनाच्या दारात पोचली होती.

आणि भाव? २००४ मध्ये २८७०, २००५ मध्ये ३६८०, २००६ मध्ये ६७२०. चीनमध्ये कारखाने, विजेच्या तारा, घरे यांची प्रचंड बांधणी सुरू झाली होती. तांब्याची वीस-पंचवीस वर्षांची मंदी सरली, तेव्हा खाणी झांबियाच्या हातून जाऊन थोडीच वर्षे झाली होती.

करारातली बारीक अक्षरे

निदान करातून तरी देशाला वाटा मिळायला हवा होता. त्यासाठी कायदा होता. त्यात रॉयल्टी तीन टक्के होती. पण प्रत्येक खरेदीदाराशी सरकारने वेगळे ‘विकास करार’ केले होते आणि मोठ्या खाणींसाठी त्यांत रॉयल्टी ०.६ टक्के ठरली होती. शिवाय ही सवलत पंधरा ते वीस वर्षे बदलायची नाही, असे सरकारने लिहून दिले होते. हे करार वर्षानुवर्षे लोकांना पाहायलाही मिळत नव्हते.

पुन्हा फळ्याकडे वळू. भाव १५०० डॉलर असताना तीन टक्के म्हणजे टनाला ४५ डॉलर आणि ०.६ टक्के म्हणजे ९ डॉलर. फरक ३६ डॉलरचा. मंदीत तो सोडून देण्यासारखा वाटतो. पण भाव ७००० झाला की तीन टक्के म्हणजे २१० आणि ०.६ टक्के म्हणजे ४२. आता टनामागे १६८ डॉलर सुटतात, आणि टन तर लाखोंनी आहेत. करार लिहिणाऱ्यांनी आजचा भाव पाहून उद्याची सही केली होती. २००८ मध्ये संसदेने हे करार मोडीत काढून रॉयल्टी तीन टक्के केली आणि भाव फार चढल्यास जादा कर बसवला. पण त्याच वर्षाअखेर जागतिक मंदीत भाव कोसळला आणि २००९ मध्ये तो जादा कर रद्द झाला.

हिशेबात न आलेल्या गोष्टी

सौदा झाला खाणीचा. पण त्या खाणीभोवती जे होते त्याचे काय? घरे भाडेकरू कामगारांना विकली गेली. अनेकांच्या निवृत्तीच्या देण्यातून ती रक्कम वळती झाली. घर मिळाले, पण नोकरी गेली. १९७६ मध्ये साठ हजारांहून अधिक असलेले खाण कामगार २००४ च्या सुमारास वीस हजारांच्या आसपास उरले. पाणी, गटारे, कचरा, करमणूक हे नव्या मालकांनी आपले काम मानले नाही. आणि नगरपालिकांपाशी त्यासाठी पैसा नव्हता.

काब्वेची गोष्ट आणखी बोलकी आहे. विज्ञानाच्या शिक्षकांना हे नाव ओळखीचे असेल. १९२१ मध्ये आदिमानवाची प्रसिद्ध कवटी इथल्याच खाणीत सापडली. ही शिसे आणि जस्त यांची खाण सुमारे नव्वद वर्षे चालली आणि १९९४ मध्ये सरकारी कंपनीनेच ती बंद केली. मागे उरले शिशाच्या चुऱ्याचे ढिगारे. वारा तो चुरा वस्त्यांवर नेतो, मुले त्याच मातीत खेळतात. तिथल्या मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण सुरक्षित मानलेल्या मर्यादेच्या अनेक पट आढळले आहे. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान पुढे भरून येत नाही. ही खाण विकत घ्यायला कुणी पुढे येण्याचा प्रश्नच नव्हता. नफ्याच्या खाणी विकल्या जातात. विषारी ढिगारे सरकारजवळ, म्हणजे लोकांजवळ, राहतात.

चालू खाणींचीही गोष्ट वेगळी नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये चिंगोल्याजवळ खाणीचे सांडपाणी कफुए नदीच्या पात्रात शिरले आणि नदीवर अवलंबून असणाऱ्यांचे पिण्याचे पाणी तुटले. नदीकाठच्या १८२६ गावकऱ्यांनी पुढे इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली. मूळ कंपनीविरुद्धचा हा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला. २०२१ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. पण खाजगी मालक आले म्हणून प्रदूषण आले, असे मात्र म्हणता येणार नाही. तांब्याचे गंधकयुक्त खनिज वितळवताना सल्फर डाय-ऑक्साइड निघतो. तो सरकारी काळातही मुफुलिराच्या वस्त्यांवर पसरत होता. उलट धूर पकडून त्याचे गंधकाम्ल करणारी नवी यंत्रे तिथे खाजगीकरणानंतर बसली. २०१४ मध्ये ते काम पुरे झाले.

दुसरी बाजू आणि पुढचे वळण

खाजगीकरणाच्या बाजूचे लोक म्हणतात, ‘उत्पादन पाहा.’ आणि ते खोटे नाही. वायव्येकडे कान्सान्शी, लुम्वाना अशा नव्या, आधुनिक खाणी निघाल्या आणि २०१३ पर्यंत देशाचे तांबे पुन्हा सात लाख टनांवर गेले. कर्जात बुडालेल्या सरकारला हे भांडवल उभे करता आले नसते, हे मान्य केले पाहिजे. त्याच वेळी हेही पाहावे लागते की, हा उठाव भाव चढल्यावर आला. १९९९ च्या भावात त्याच कंपन्याही टिकल्या नव्हत्या. अँग्लो अमेरिकनसारखी बलाढ्य कंपनीही निघून गेली, ती सरकारी नव्हती.

मग २०१९ मध्ये सरकारने कोन्कोला कंपनीवर अवसायक नेमला. २०२१ मध्ये मोपानीचे ग्लेनकोरकडचे भाग सरकारी कंपनीने एक डॉलर किमतीला घेतले. स्वस्त वाटते ना? पण त्याबरोबर दीडशे कोटी डॉलरचे कर्जही अंगावर घेतले. त्या वर्षी तांब्याचा भाव ९३०० डॉलर होता. म्हणजे १९७० मध्ये तेजीत घेतले, २००० मध्ये मंदीत विकले, २०२१ मध्ये पुन्हा तेजीत घेतले. पुढे २०२४ मध्ये मोपानीचे ५१ टक्के भाग संयुक्त अरब अमिरातीतल्या एका कंपनीकडे सुमारे ११० कोटी डॉलरच्या करारात गेले, आणि कोन्कोला पुन्हा वेदांतकडे आली.

‘सरकारी चांगले की खाजगी चांगले’ या वादात अडकून पडले की झांबियाची ही गोष्ट हातातून निसटते, असे आम्हाला वाटते. सरकारी मालकीत खाण उपाशी राहिली आणि खाजगी मालकीत देश उपाशी राहिला. दोन्ही वेळा मूळ दुखणे एकच होते. संपूर्ण देश एका धातूच्या भावावर टेकलेला होता, तेजीच्या दिवसांत मंदीसाठी काही बाजूला ठेवलेले नव्हते, आणि म्हणून निर्णयाची वेळ आली तेव्हा थांबण्याची ताकद नव्हती. ज्याला थांबता येत नाही, त्याच्या वस्तूची किंमत दुसरा ठरवतो. मग ती वस्तू तांब्याची खाण असो की मंडईत आणलेला टोमॅटो.

वर्गात हा विषय घ्यायचा तर एक साधे काम देता येईल. या लेखातली वर्षे आडव्या अक्षावर आणि तांब्याचा भाव उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढावा, आणि त्यावर प्रत्येक सौद्याची खूण करावी. मग विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारावेत. सौद्याच्या दिवशी घाई कुणाला होती? भाव चढला तर फायदा कुणाचा, आणि उतरला तर तोटा कुणाचा, हे करारात लिहिले होते का? तो करार लोकांना वाचायला मिळाला का? आणि खाण संपल्यावर उरणारा ढिगारा कुणाच्या अंगणात राहणार? आपल्या जिल्ह्यात एखादा सरकारी कारखाना, सहकारी साखर कारखाना किंवा सूतगिरणी विक्रीला निघाली असेल, तर हेच चार प्रश्न तिथेही विचारून पाहता येतील.